वावडीवरचे तीन दिवे

त्या वर्षीच्या दिवाळीत परळच्या आमच्या रस्त्यावर सगळ्या चाळींच्या गॅलऱ्यांतून आकाशकंदील लोंबत होते. फक्त एक चाळ अंधारात होती. पंगतीतून कुणीतरी उठून गेल्यावर जागा दिसते, तशी ती दिसायची. कमलाबाई गमरे त्या चाळीत राहायची.

आदल्या वर्षीच्या डिसेंबरात दादरच्या समुद्रावर, त्या गर्दीत उभं राहून, कमलाबाईने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तिच्यासोबत जवळजवळ अख्ख्या चाळीने घेतली. देव सोडताना तिला फार जड गेलं नव्हतं. फळीवरची तसबीर उतरवली, भिंतीवर राहिलेला चौकोनी डाग चुन्याने पुसला, झालं. जड गेला तो कंदील. गेली कित्येक वर्षं चाळीतले कंदील तीच बनवायची. कामट्या तासायच्या, खळ शिजवायची, पतंगी कागद असा ताणून बसवायचा की बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजला पाहिजे. आता दिवाळी आपली नाही म्हटल्यावर कंदीलही आपला नाही, हे ओघानेच आलं. तिने ते मान्य केलं. पण दिवाळीच्या चार संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहिली नाही, एवढं खरं.

गिरणीच्या वायंडिंग खात्यात तिच्या शेजारी काम करणारी राधाबाई त्याच चाळीत राहायची. तिच्या तोंडाला लगाम नव्हता. ती म्हणाली, "काय गो, सुतक पाळतेस काय?"

"सुतक कसलं. हात शिवशिवतात."

"मग कुणाच्या तरी पाठीत घाल."

कमलाबाई हसली. पण हात शिवशिवत राहिले.

तिचं माहेर खेडच्या पुढे, खाडीकाठी. बाप शेतावर राबायचा, आणि पिकं निघाली, वारा सुटला की वावडी उडवायचा. माणसाच्या उंचीची, कळकाच्या पट्ट्यांची, जाड दोरीने पेलायची वावडी. शहरातल्या पतंगासारखी ती कुणाशी भांडत नाही. एकदा वर गेली की गुमान उभी राहते. काळोख पडायच्या सुमारास बाप तिच्या दोरीला कंदील बांधायचा. खाडीपलीकडच्या गावातले लोक तो बघत आणि सकाळी नावेतून येताना विचारत, "काल तुमच्याकडे काय होतं?" बाप म्हणायचा, "काही नाही, मजा."

लग्न होऊन ती मुंबईला आली. नवरा बुधाजी पलटणीत होता. लढाईत तो ब्रह्मदेशाकडे गेला, आणि लढाई संपायच्या वर्षी खाकी कपड्यांतला एक माणूस चाळीत येऊन बुधाजीची पत्र्याची पेटी ठेवून गेला. बुधाजी बेपत्ता आहे, इतकंच त्याने सांगितलं. मेला असंही नाही, आहे असंही नाही. कुंकू पुसायचं की ठेवायचं, हे सांगायला कुणी आलं नाही. काही वर्षं ती लावत राहिली. मग एका सकाळी कामावर जायच्या घाईत विसरली, आणि दुसऱ्या दिवशी आठवण असूनही लावलं नाही.

गिरणीत तिचं काम सोपं दिसायचं. बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनावर गुंडाळत जायचं. मध्ये तुटलं की टोकाला टोक लावून, अंगठ्याखाली दाबून, डोळ्याला दिसणार नाही अशी गाठ मारायची आणि पुढे चालू. दिवसभर गाठीच गाठी. इतर बायका उजव्या अंगठ्याने गाठ दाबत. कमलाबाईच्या उजव्या अंगठ्याला पहिल्याच वर्षी मशीनने चीर पाडली होती. तेव्हापासून ती डाव्याने दाबायची. तिची गाठ उलटी पडे. मुकादम चेष्टा करायचा, "कमलाबाय, तुझं सूत रागावलंय बघ, तोंड फिरवून बसलंय." पण ती गाठ कधी सुटली नाही.

घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ दत्ताराम, असे दोघंच. आई गेल्यावर तिने त्याला गावाहून आणला, पाटी-पुस्तक घेऊन दिलं, मॅट्रिक करवला, फिटरचं काम शिकायला पाठवला. पोरगा हुशार आणि तितकाच उनाड. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला की हा पहिल्या रांगेत. रात्री घरी यायचा तो घसा बसवूनच. कमलाबाई गरम पाणी आणि मीठ पुढे करायची. ती चळवळीच्या विरुद्ध नव्हती. मुंबई आपल्याला मिळाली पाहिजे, हे तिलाही कळत होतं. पण त्या उन्हाळ्यात दत्तारामची तुर्भ्याच्या सरकारी कारखान्यात शिकाऊ फिटर म्हणून निवड झाली होती. फक्त पोलिसांकडून त्याच्याबद्दलची चौकशी व्हायची बाकी होती. त्यांच्या घरातला सरकारी कारखान्यात पाऊल टाकणारा तो पहिलाच. आता त्याचं नाव कुठल्या भानगडीत येऊ नये, याच एका गोष्टीवर कमलाबाईचा जीव टांगलेला होता.

"मोर्च्यात जा," ती म्हणायची, "पण मागच्या रांगेत जा."

"मागच्या रांगेत घोषणा ऐकू येत नाहीत, अक्का."

"तेच चांगलं."

वैशाख पौर्णिमा जवळ आली. बुद्धजयंती कशी करायची, म्हणून चाळीची बैठक भरली. वंदना ठरली, खीर ठरली, भाषण करणारे ठरले. कमलाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि उजेड?"

"गॅसबत्ती आणू की भाड्याने," कुणीतरी म्हणालं.

"बत्ती लग्नात पण आणतात. आपली पौर्णिमा आहे, लांबून दिसायला नको?"

मग तीच म्हणाली, "मी वावडी करते. तीन कंदिलांची."

तिने ते इतक्या सहज सांगितलं की लोकांना वाटलं, तिच्या मनात हे फार दिवस होतं. खरं तर ते तिला बोलता बोलताच सुचलं होतं. पण एकदा सुचल्यावर दिवाळीपासून शिवशिवणारे हात कामाला लागले. खात्यात फुकट जाणारं तुकड्या-तुकड्यांचं सूत तिने मुकादमाला विचारून घेतलं, चाळीतल्या बायकांना बसवून दोरीसाठी त्याचा पीळ घातला, गाठी मात्र सगळ्या स्वतः मारल्या. पांढऱ्या कागदाचे तीन कंदील केले. आत पत्र्याच्या झाकणात तेलात भिजवलेली सरकी-कापसाची जाड वात. वावडीवर निळा कागद. कागद चिकटवायचं काम तिने दत्तारामवर सोपवलं, कारण तिची दुसरी पाळी होती आणि वेळ कमी होता. तेवढं मात्र तिने स्वतःच्या डोळ्यांनी तपासलं नाही.

पौर्णिमेला चाळीमागच्या मोकळ्या जागेत माणूस मावत नव्हता. सूर्य वरळीकडे बुडाला होता, समुद्राचा वारा भरून येत होता. दत्तारामने वावडी सोडली. ती डगमगली, गोवंडीकडे तोंड करून सावरली आणि चढायला लागली. थोडी दोरी सुटली की कमलाबाई एक कंदील पेटवून बांधायची. पहिला वर निघाला तेव्हा सगळे म्हणाले, बुद्धं सरणं गच्छामि. दुसरा निघाला, धम्मं सरणं गच्छामि. तिसऱ्याला तिच्या हाताला थोडा चटका बसला, पण तिने तो नीट बांधला. संघं सरणं गच्छामि. निळी वावडी अंधारात दिसेनाशी झाली आणि तिच्याखाली, एकाखाली एक, तीन दिवे नुसतेच आभाळात उभे राहिले. कशाचा आधार नसल्यासारखे. शेजारच्या चाळींतून लोक गॅलऱ्यांत आले. पलीकडून कुणीतरी ओरडून विचारलं, "काय आहे ते?" आणि कमलाबाईच्या तोंडून, बापाच्याच आवाजात, निघून गेलं, "काही नाही, मजा!"

बराच वेळ ते तसेच उभे होते. मग दत्तारामला आणखी उंची हवीशी वाटली, त्याने दोरी सोडली. वाऱ्याचा एक झोत आला, दोरी करकरली आणि तुटली. तिन्ही दिवे तिरके झाले, पूर्वेकडे धावत सुटले आणि शिवडीच्या बाजूला एकेक करून विझले.

"गेली तुझी वावडी गावाला," राधाबाई म्हणाली. सगळे हसले आणि खिरीकडे वळले.

तीन-चार दिवसांनी दत्ताराम वर्तमानपत्र घेऊन आला. ते त्याने वाचून दाखवलं नाही, तिच्यासमोर धरलं. मुंबईच्या आकाशात उडत्या तबकड्या आल्या होत्या काय, असं मथळ्यात विचारलं होतं. बंदराच्या पहारेकऱ्यांनी पौर्णिमेच्या संध्याकाळी परळच्या वर तीन दिवे पाहिले. ते बराच वेळ निश्चल होते, नंतर प्रचंड वेगाने पूर्वेकडे जाऊन दिसेनासे झाले. हवाई दल तपास करीत आहे.

कमलाबाईने ते सावकाश वाचलं आणि तिला हसू आलं. "आपले कंदील?"

"अक्का, हसू नको." दत्तारामचा चेहरा उतरला होता. "शिवडीला तेलाच्या टाक्या आहेत. बाजूला कापसाची गोदामं. आणि मी... वावडीच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं."

"काय लिहिलंस?"

"झालाच पाहिजे."

ती खाली बसली. रशियाने आभाळात उपग्रह सोडल्यापासून शहरात सगळेच वर बघून चालत होते, हे तिला ठाऊक होतं. पण वर बघणाऱ्यांत सरकारही असेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. उत्सवाची वावडी आणि चळवळीची घोषणा, दोन्ही एकाच कामटीवर चिकटलेल्या. पोलिसांना यातलं काय दिसेल, हे सांगायला नको होतं.

"कुणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलूही नको."

त्या संध्याकाळी नळावर तिने बायकांना एवढंच सांगितलं की वावडीचं नाव काढायचं नाही. कुणी का म्हणून विचारलं नाही. एवढी मोठी चाळ, पण दुसऱ्या दिवसापासून तिथे कधी काही उडालंच नव्हतं.

जीप आली ती रविवारी. लष्करी जीप चाळीच्या आवारात शिरताना बघितली आणि कमलाबाईच्या हातातला तांब्या नळाखालीच राहिला. मागच्या खेपेला असाच खाकीतला माणूस आला होता, पत्र्याची पेटी घेऊन.

हा मात्र तरुण होता. गोरा, उंच, कपाळावर घामाचे थेंब. त्याने टोपी काढली आणि चक्क शुद्ध मराठीत विचारलं, "इथे जरा बसू का?" नळाच्या कट्ट्यावर बसला. फ्लाइट लेफ्टनंट मनमोहन कोठारे, घर फणसवाडीत. "म्हणजे गिरगावातलाच आहे मी. तुमचा पाहुणा नाही."

"आमच्याकडे पाहुणे जीपने नाही येत," राधाबाई म्हणाली.

तो हसला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. आकाशात काही दिसलं की हल्ली त्याला पाठवतात. मलबार हिलवरून एका बाईंना रोज चकाकणारी तबकडी दिसायची. ती निघाली समोरच्या गच्चीत वाळवणासाठी ठेवलेली ॲल्युमिनियमची परात. माहीमच्या एका वकिलांचा पाठलाग करणारा गोळा म्हणजे गुरू ग्रह होता. "या वेळी मला वाटलं, वेधशाळेने सोडलेला फुगा असेल. विचारलं, त्यांनी सोडला नव्हता. विमानही नव्हतं. मग शिवडीच्या खाडीत कोळ्यांना हे मिळालं."

त्याने पिशवीतून चिखलाने माखलेली कामटी काढली. तिला निळ्या कागदाची फाटकी चिंधी होती. तिच्यावर गेरूच्या जाड अक्षरांत 'पाहिजे' एवढंच उरलेलं.

"यावरून काही पत्ता लागेना," कोठारे म्हणाला. "अख्ख्या मुंबईला काही ना काही पाहिजेच आहे. पत्ता लागला तो या दोरीवरून." त्याने सुताची गुंडाळी पुढे केली. "एका गिरणीतल्या माणसाला दाखवली. तो म्हणाला, या वायंडिंगवाल्या बायकांच्या गाठी. पण यांत काहीतरी वेगळं आहे, ते बायकाच सांगतील. आज सकाळपासून फिरतोय. ही गाठ कुणाची?"

गुंडाळी राधाबाईच्या हातात गेली. तिने एकदाच बघितलं आणि तिला कळलं. शेजारच्या सगळ्यांना कळलं. त्या उलट्या तोंडाच्या गाठी त्या वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या.

"माझी," राधाबाई म्हणाली.

"हिची कसली?" मागून म्हातारी मीराबाई पुढे झाली. "हिला अजून गाठ मारता येत नाही. माझी आहे ती."

"मावशी, तुला सुई तरी दिसते का? साहेब, माझी." तिसरी.

बघता बघता नळावरच्या सगळ्या बायका गाठीच्या मालकिणी झाल्या. कोठारे एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. "अहो, पण सगळ्यांची एकच गाठ कशी असेल?"

"आम्ही सगळ्या एकाच खात्यात आहोत ना," राधाबाई म्हणाली.

जीपचा ड्रायव्हरसुद्धा तोंड फिरवून हसत होता. कोठारेही हसला, पण मग त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि आवाज खाली आणला.

"बायांनो, मी तुम्हाला घाबरवायला आलो नाही. पण मला काहीच सापडलं नाही, तर मला 'अज्ञात' असं लिहून द्यावं लागेल. मग ते माझ्या हातात राहत नाही. ही चिंधी पोलिसांकडे जाईल आणि ते परळ-लालबागचा एकेक मुलगा घेऊन बसतील. आणि बंदरावर दुर्बीण लावून बसलेली माणसं रोज संध्याकाळी त्याच जागी बघत राहतील. त्यांनाही झोप नाही. जे काय आहे ते कळलं, की संपलं."

कमलाबाई तांब्याजवळच उभी होती. मागे खोलीच्या दाराआड दत्ताराम होता. तिला त्याची सावली दिसत होती. गप्प राहिलं तर तो कदाचित वाचेल, कदाचित नाही. बोललं तर त्याची नोकरी गेलीच समज. हे सगळं तिने मनात एकदा मांडून बघितलं. पण मघापासून तिच्या डोक्यात दुसरंच काही फिरत होतं. रोज संध्याकाळी त्याच जागी बघत राहतील. कसं बघत राहायचं असतं, ते तिला माहीत होतं. बेपत्ता या एका शब्दावर तिने किती वर्षं चाळीच्या दाराकडे बघत काढली होती. कुणीतरी येऊन नुसतं खरं काय ते सांगितलं असतं, वाईट का होईना, तर तिला त्या शब्दाच्या बाहेर पडता आलं असतं.

तिने पदराला हात पुसले आणि पुढे झाली. "साहेब, ती गाठ माझी."

"ही कितवी?" कोठारे वैतागून म्हणाला.

"बाकीच्या माझ्यासाठी बोलल्या. ही खरी."

तिने गुंडाळीतलं सूत दोन बोटांत धरून तोडलं, टोकाला टोक लावलं आणि डाव्या अंगठ्याखाली गाठ मारली. ती त्याच्यासमोर धरली, आणि शेजारी जुनी. दोन्ही एकाच बाजूला तोंड फिरवून बसल्या होत्या. मग तिने उजवा अंगठा दाखवला, त्यावरची चीर दाखवली. "तीन कंदील होते. आमची बुद्धजयंती होती. दोरी तुटली, पण गाठीत नाही तुटली, बघा. मध्ये तुटली."

कोठारेने दोरीचं टोक निरखलं. "खरंच," तो म्हणाला. त्याने चिंधीकडे बोट दाखवलं. "आणि अक्षरं?"

कमलाबाईने तोंड उघडलं. ती 'माझीच' म्हणणार होती. तिला लिहिता येत होतं, का नाही म्हणायचं? पण दार वाजलं आणि दत्ताराम बाहेर आला.

"अक्षरं माझी आहेत," तो म्हणाला. "अक्काला ठाऊक नव्हतं."

"काय करतोस?"

"तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागणार होतो."

लागणार होतो, असंच तो म्हणाला. कमलाबाईने मान खाली घातली. नळ कुणीतरी बंद केला.

कोठारेने ती चिंधी उचलली, बघितली, आणि कामटीसह परत पिशवीत टाकली. "परत उडवता येईल?" त्याने विचारलं.

"काय?"

"वावडी. तशीच, तेवढेच कंदील, त्याच जागेवरून. तुम्ही म्हणता म्हणून मी लिहून देऊ शकत नाही. ज्यांनी पाहिलं, त्यांना परत दाखवायला लागेल, आणि त्यांनी म्हणायला लागेल की हेच ते. दोरी मात्र दुप्पट पिळाची हवी, आणि पाण्याच्या बादल्या भरून ठेवा. कापसाला आग लागली म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको."

"नको," कमलाबाई म्हणाली. ते तिच्या मनाला लागलं. इतक्या वर्षांत एकदाही तिने खात्यात काडी पेटवू दिली नव्हती कुणाला. आणि वावडीपायी कापसाची गोदामं तिच्या मनातही आली नव्हती.

"हुबेहूब तशीच करायची?" दत्तारामने विचारलं. "म्हणजे... मागच्या बाजूलाही?"

कोठारे जीपमध्ये चढत होता. तो थांबला. "मी उजेडाचा तपास करायला आलोय," तो म्हणाला. "अंधारात अक्षरं कुणाला दिसतात?"

पुढच्या शनिवारी सगळी चाळ पुन्हा मागच्या मोकळ्या जागेत जमली. जीपमध्ये वायरलेसचं यंत्र होतं. कोठारे कानाला लावून बसला होता. या वेळी दोरीला दोघं जण होते, आणि तिच्यावर कमलाबाईचं लक्ष. दिवेलागणीला वारा भरला. वावडी गेली. पहिला कंदील, दुसरा, तिसरा. कुणी ठरवलं नव्हतं, तरी प्रत्येक कंदिलाबरोबर मागच्यासारखीच एकेक ओळ सगळ्यांच्या तोंडून आली, आणि कोठारे टोपी काढून उभा राहिला.

यंत्र खरखरत होतं. कोठारे इंग्रजीत काही विचारत होता, थांबत होता. बायका वर बघायचं सोडून त्याच्याकडे बघत होत्या.

"काय म्हणतात?" राधाबाईला धीर नव्हता.

"थांबा हो." मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणतात, तीन दिवे. एकाखाली एक. परळच्या वर. निश्चल." त्याने पुन्हा ऐकलं. "विचारतात, हे पुन्हा कसं आलं? मी सांगितलं, हे मीच मागवलंय."

जो हशा झाला त्याने शेजारच्या चाळी दचकल्या असतील. दत्तारामने दोरी आणखी सोडायला हात उचलला. कमलाबाईने नुसतं बघितलं, आणि त्याने हात खाली घेतला.

दिवे उतरवून, वाती पाण्यात बुडवून झाल्यावर तिने कोठारेला खीर दिली. तो वाटी संपवेपर्यंत ती थांबली. "आता काय लिहिणार, साहेब?"

"वावडीच्या दोरीला बांधलेले कागदी कंदील. चाळीतल्या लोकांच्या सणाचे. संशय घ्यावा असं काही नाही."

"सणाचं नाव लिहा. बुद्धजयंती. आणि करणारीचं नाव लिहा. कमलाबाई बुधाजी गमरे."

"नाव लिहायलाच पाहिजे असं नाही."

"लिहा. कुणी विचारलं तर सांगायला माणूस असू दे."

त्याने लिहिलं. दत्तारामचं नाव त्याने विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

मग ती जरा घुटमळली. "तुमच्या खात्यातलं नाही, मला कळतं. पण पलटणीत एक होता. बुधाजी गमरे. ब्रह्मदेशात बेपत्ता. त्याचा असा कुणी तपास केला होता काय, एवढं विचाराल?"

कोठारेने पलटणीचं नाव विचारलं, गाव विचारलं, तेही लिहून घेतलं. वचन दिलं नाही; आणि पुढे त्याचं काही कळलंही नाही. पण त्या संध्याकाळी कमलाबाईला हलकं वाटलं, हे ती पुष्कळदा सांगायची. इतक्या वर्षांत बुधाजीबद्दल कुणी तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर पोलीस चौकशी झाली. हवालदार चाळीत आला, दत्तारामच्या वागण्याबद्दल दोन-चार जणांना विचारून गेला. राधाबाईने त्याला इतकं चांगलं सांगितलं की कमलाबाईला भीती वाटली, त्याला खोटं वाटेल. वावडीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. ते सगळं आता कुठल्या तरी कपाटात गेलं होतं, नाव-गाव-सणासकट, आणि ज्याचं नाव-गाव कळलं त्याची कुणाला धास्ती उरली नव्हती. श्रावण सुरू व्हायच्या आत दत्ताराम तुर्भ्याला रुजू झाला. पहिल्या दिवशी कमलाबाईने त्याच्या डब्यात नेहमीची भाकरी दिली आणि शर्टाचं वरचं बटण आपल्या उलट्या गाठीने शिवून दिलं.

वावडी दर वैशाखात उडत राहिली. दोरी दुप्पट, बादल्या भरलेल्या. मागच्या बाजूला गेरूने काय लिहिलेलं असे, ते तिने त्यानंतर कधी तपासलं नाही. महाराष्ट्र झाला त्या महिन्यातली पौर्णिमा आली तेव्हा मात्र दत्तारामने तिला मुद्दाम बोलावून दाखवलं. निळ्या कागदावर एकच शब्द होता: झाला.

"आता पुढच्या वर्षी काय लिहिशील?" तिने विचारलं.

"बघू. काहीतरी पाहिजेच असेल."

त्या पौर्णिमेला त्याची दुसरी पाळी होती, म्हणून दोरी शेजारच्या पोरांनी धरली. कंदील बांधताना कमलाबाईला राहून राहून वाटत होतं, आज आपला माणूस खाडीच्या पलीकडे आहे. तिथपर्यंत दिसत असेल का? तिने नेहमीपेक्षा थोडी जास्त दोरी सोडू दिली.

तो घरी आला तेव्हा ती जागीच होती. तो जेवायला बसला. पहिला घास घेऊनच म्हणाला, "दिसले."

"तिन्ही?"

"तिन्ही. मी चहाला बाहेर आलो होतो. गेटवरचा पहारेकरी पश्चिमेकडे बघत उभा. नवीन आहे, यूपीचा. मला विचारतो, वो क्या है, भाई?"

"मग काय सांगितलंस?"

दत्तारामने भाकरीचा तुकडा मोडला. "मी म्हटलं, मेरी बहन है."

"मेल्या," कमलाबाई म्हणाली, "कंदील म्हणून सांगायचं की नाही? आता तो बिचारा रात्रभर विचार करत बसेल."

आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.